प्रतिपिंडे सापडली, म्हणून जंतू दोषी?

फिनलंडमधील पेक्का साइक्कू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध वर्गात चर्चेला घ्यावा असे आम्हाला वाटते, त्यातील शोधापेक्षाही त्यावरून लोकांनी जे अनुमान काढले त्यासाठी. हृदयविकाराचा झटका आलेल्या ४० रुग्णांपैकी २७ जणांच्या रक्तात, श्वसनमार्गाला बाधा करणाऱ्या क्लॅमिडिया गटातील एका जीवाणूविरुद्धची प्रतिपिंडे वाढलेली आढळली. जुनाट हृदयविकाराच्या ३० रुग्णांत अशी माणसे १५ होती, आणि तुलनेसाठी घेतलेल्या ४१ जणांत केवळ ७. हे आकडे पाहिले की मन लगेच उडी मारते: हृदयरोहिण्या जंतूंमुळे चोंदतात, तर मग प्रतिजैविके द्या!

पण प्रतिपिंडे कशाचा पुरावा? या जंतूची आणि शरीराची कधीतरी गाठ पडली, एवढ्याचाच. हा जीवाणू इतका सर्रास आढळतो की निम्म्याहून अधिक प्रौढांच्या रक्तात त्याची खूण मिळते. शिवाय धूम्रपान करणाऱ्यांना छातीचे संसर्ग अधिक होतात आणि हृदयविकारही अधिक होतो. म्हणजे दोन्ही गोष्टींमागे तिसरेच कारण असू शकते. जॉन डॅनेश व सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये आजारापूर्वीच घेऊन ठेवलेले रक्त तपासले आणि धूम्रपान व सामाजिक स्थितीही हिशेबात धरली. २००० साली त्यांनी दाखवून दिले की हा संबंध मग बराच फिका पडतो.

तरीही कल्पना अगदी पोकळ नव्हती. १९९२ साली दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांना रोहिणीतील मेदाच्या थरात हा जीवाणू प्रत्यक्ष दिसला. ताण आला की पेशी एक संरक्षक प्रथिन तयार करतात. जीवाणूंचे हे प्रथिन आणि आपले, दोन्हींत बरेच साम्य आहे. जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे रोहिणीच्या अस्तरावरच उलटत असतील, असा तर्क ऑस्ट्रियातील गेऑर्ग विक यांनी मांडला. आम्हाला हा तर्क रक्तातील आकड्यांहून मोलाचा वाटतो, कारण त्यात ‘कसे?’ हा प्रश्न विचारलेला आहे.

घाई झाली ती औषधाची. अमेरिकेत ४,०१२ हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर दर आठवड्याला ॲझिथ्रोमायसिन दिले, उरलेल्यांना औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी गोळी. २००५ साली निकाल आला: काही फरक नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे ४,४०० रुग्णांवर क्लॅरिथ्रोमायसिनची अशीच चाचणी झाली. २००६ साली कळले ते असे, की तीन वर्षांत हृदयविकाराने झालेले मृत्यू औषध घेणाऱ्यांतच अधिक होते.

यावरून जंतू निर्दोष ठरतो असे मात्र नव्हे. रोहिणीचे नुकसान वर्षानुवर्षे होत आलेले असते. शेवटी दिलेले औषध ते कसे भरून काढणार? या चाचण्यांनी उपाय निरुपयोगी ठरवला, कारण नव्हे. हा फरक विद्यार्थ्यांना सुचतो का, ते जरूर पाहावे.

दाहाचा धागा मात्र पुढे टिकला. २०१७ साली १०,०६१ रुग्णांवरील चाचणीत प्रतिकारयंत्रणेचा एकच संदेशवाहक रेणू रोखला, तेव्हा हृदयविकाराचे झटके कमी झाले. कोलेस्टेरॉल होते तेवढेच राहिले. आणि औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने मरणाऱ्यांची संख्या वाढली.