आंतरजाल-गाळणीची निवड : निकषांची चिकित्सा

कंपनीच्या संगणक-जाळ्यासाठी संकेतस्थळे गाळणारे सॉफ्टवेअर निवडताना किंमत आणि प्रतिबंधित संकेतस्थळांच्या यादीची लांबी या दोनच निकषांवर अनेकदा भर दिला जातो. यादी जितकी मोठी तितकी गाळणी उत्तम, असा समज त्यामागे असतो. तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

शब्दांवर बेतलेल्या गाळणीला संदर्भ कळत नाही. १९९६ मध्ये अमेरिका ऑनलाइनच्या गाळणीने इंग्लंडमधील स्कनथॉर्प या गावाच्या रहिवाशांची नोंदणी अडवली. कारण गावाच्या नावातच एक असभ्य इंग्रजी शब्द दडलेला होता. यादीवर बेतलेली गाळणी तरी निर्दोष असते काय? डिसेंबर २००८ मध्ये ब्रिटनमधील इंटरनेट वॉच फाउंडेशनने विकिपीडियाचे एक पान आपल्या यादीत घातले आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला. यादी विकत घेणारी संस्था यादी करणाऱ्याचा विवेकही नकळत विकत घेत असते.

आता बहुतांश संकेतस्थळे कूटबद्ध असल्यामुळे गाळणीला सामान्यतः संकेतस्थळाचे नाव समजते, पानावरील मजकूर नव्हे. तो वाचण्यासाठी कंपनी कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर स्वतःचे प्रमाणपत्र बसवून मध्येच कूट उकलते. घातक आज्ञावली रोखण्यासाठी हा उपाय उपयुक्त आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु त्याच वाटेने कर्मचाऱ्याचा बँकेचा संकेतशब्द आणि आजाराविषयीचा शोधही उघडा पडू शकतो. म्हणून बँका व आरोग्यविषयक संकेतस्थळे या तपासणीतून वगळता येतात काय, नोंदी कोण पाहतो आणि त्या किती काळ ठेवल्या जातात, हे प्रश्न खरेदीपूर्वीच विचारले पाहिजेत.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांतील गाळणीविषयीचा कायदा ग्राह्य ठरवला. प्रौढ वाचकाने मागणी केल्यास ग्रंथपाल गाळणी हटवू शकतो, ही बाब त्या निर्णयात महत्त्वाची ठरली. कंपनी म्हणजे ग्रंथालय नव्हे. तरीही चुकीने अडवलेले संकेतस्थळ खुले करून घेण्याची सुलभ व्यवस्था हा निवडीचा निकष असावा, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

सारांश, उत्तम गाळणीची पारख ती काय अडवते यावरून जितकी होते, तितकीच स्वतःची चूक ती किती लवकर दुरुस्त करू देते यावरूनही होते. संगणक-जाळे चालवणाऱ्या महाविद्यालयांनाही हाच निकष लागू पडतो.