प्रमाण भाड्याचा निकष : तारीख की घर?

भाडे नियंत्रणाच्या कायद्याची खरी कसोटी, तो भाडे कशावरून मोजतो, यात आहे. मुंबईच्या १९४७ च्या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण भाडे मानले. ही गोठवणूक काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात डिसेंबर १९९७ मध्ये नमूद केले. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाने वार्षिक ४ टक्के वाढीस मुभा दिली. तथापि मोजमापाचा आधार प्रामुख्याने पूर्वीचे भाडे हाच राहिला.

याउलट नेदरलँड्समध्ये क्षेत्रफळ, ऊर्जाक्षमता, स्वयंपाकघर, स्नानगृह इत्यादींना गुण देऊन त्यांच्या बेरजेवरून कमाल भाडे ठरते. १ जुलै २०२४ पासून नव्या करारांत १८६ गुणांपर्यंतची घरे या मर्यादेत आली. घरमालक घरे विकून टाकतील, हा आक्षेप तेथेही घेतला गेला; तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यातील स्थलांतरित कामगाराचा प्रश्न मात्र निकषाच्याही अलीकडचा आहे. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहणारा कामगार कायद्याच्या दृष्टीने भाडेकरू नसून परवानाधारक ठरतो. प्रमाण भाड्याचे संरक्षण त्याला लाभत नाही. मुदत संपताच कलम २४ नुसार त्याला जागा सोडावी लागते. खोलीत चौघे राहोत वा शौचालय सामाईक असो, भाड्याच्या कायदेशीर विचारात त्याची नोंद होत नाही.

म्हणूनच गुणपद्धतीचे केवळ अनुकरण पुरेसे नाही. परवान्याचे करार नियंत्रणाच्या कक्षेत आल्याखेरीज उत्तमातील उत्तम निकषही या पट्ट्यात निष्प्रभच राहील.