अनेक पृच्छा, एक श्रम : एका निबंधाचे परीक्षण

विदासंग्रहास एकाच वेळी अनेक पृच्छा केल्या जातात तेव्हा त्यांतील समान भागाचे काम एकदाच करून ते सर्वांस वाटून देता येईल काय, हा प्रश्न जुना आहे. तिमोस सेलिस यांनी १९८८ मध्ये त्याची पद्धतशीर मांडणी केली; परंतु तपासावयाचे पर्याय इतके वाढत की, हा विचार व्यवहार्य नव्हे असेच मानले जाई. मुंबईच्या आय. आय. टी.त आकारास आलेल्या व २००० च्या सिग्मॉड परिषदेत सादर झालेल्या निबंधात प्रसन रॉय, एस. शेषाद्री, एस. सुदर्शन व सिद्धेश भोबे यांनी हा समज खोडून काढला.

निबंधाचे मर्म एका उदाहरणात सांगता येईल. पहिल्या पृच्छेस क, ख, ग ही कोष्टके जोडावयाची आहेत व ती क-ख जोडापासून आरंभ करते. दुसरीस क, ख, घ जोडावयाची आहेत व तिला एकटीपुरता क-घ जोड आधी करणे स्वस्त पडते. तथापि तिनेही क-ख पासून आरंभ केला तर तो जोड दोघींस पुरतो आणि एकत्रित खर्च घटू शकतो. समान भाग साठविण्यासही खर्च येतो, याचे भान लेखकांनी सोडलेले नाही. सर्वाधिक लाभाचा भाग आधी निवडावा, ही त्यांची रीत सोपी व फलदायी आहे.

मात्र यामागे दोन गृहीते आहेत : पृच्छा आधी ज्ञात आहेत आणि विदा स्थिर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ साली आरंभिलेल्या संस्कृत महाकोशासाठी सुमारे १५०० ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या काढण्यात आल्या, तेव्हा हीच सोय होती. एका ग्रंथाचे एकच वाचन असंख्य शब्दांच्या नोंदींस पुरले, कारण ग्रंथ जागचा हलत नाही.

प्रवाही विदेत ही सोय नाही. ओघ अखंड वाहतो, पृच्छा मध्येच येतात व जातात. वाटणीचा निर्णय काम चालू असतानाच पुनःपुन्हा करावा लागतो. त्याच परिषदेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ‘नायगारासीक्यू’ने समान रूपाच्या पृच्छांचे गट करून नव्या पृच्छेस जुन्या गटात सामावून घेण्याची वाट दाखविली. विदा अनेक यंत्रांवर विखुरलेली असता आणखी पेच पडतो. सामायिक फल दूरच्या यंत्राकडे धाडण्याचा खर्च वाचलेल्या श्रमाहून अधिक होऊ शकतो. आणि सामायिक कार्य खोळंबले की त्यावर विसंबलेल्या सर्व पृच्छा एकदमच अडतात.

तात्पर्य, सामायिकता हा हिशेबाने ठरणारा गुण होय. प्रस्तुत निबंधाची रीत प्रवाहांस जशीच्या तशी लागू पडणार नाही. परंतु प्रत्येक वाटणीचा लाभ आधी मोजण्याची त्याची शिस्त अभ्यासकांनी अवश्य उचलावी.