केडगावची ग्रीक

भद्रावतीत बसून ग्रीक भाषेविषयी लिहावे, हे वाचकांना अंमळ विचित्र वाटेल. परंतु प्रौढ वयात परकी भाषा जिभेवर वळवणे म्हणजे काय, हे चांदा धर्मप्रांतातील भाविकांना वेगळे सांगायला नको. हा धर्मप्रांत सिरो-मलबार परंपरेचा. केरळातून आलेल्या धर्मगुरूंची मराठी आरंभी अडखळत आणि पुढे सहज रुळताना आम्ही प्रवचनांतून ऐकली आहे.

दुभाष्याच्या व्यवसायात एक भाषा वाढली की मागणी वाढते. त्यासाठी कोणी चाळिशीत व्याकरण हाती घेतले, तर त्यात गैर काही नाही. पंडिता रमाबाईंची गोष्ट निराळी. संस्कृतने त्यांना १८७८ मध्ये, ऐन विशीत, कलकत्त्याला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळवून दिल्या होत्या. पुढे प्रौढपणी शिकलेल्या इब्री आणि ग्रीक भाषांनी त्यांना दिले ते केवळ काम: संपूर्ण पवित्र शास्त्र मूळ भाषांवरून मराठीत आणण्याचे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. ग्रंथ १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे खिळे जुळवले ते तेथील स्त्रियांनी.

संस्कृत जाणणाऱ्याला ग्रीक अगदीच अनोळखी नसते. आपले ‘ददामि’ तिकडे ‘दिदोमि’ होते, ‘अस्ति’चे ‘एस्ति’. कस लागतो तो खरा मराठीत परतताना. ‘मेतानोइया’ हा नव्या करारातला शब्द घ्या. त्यात मन पालटण्याचा अर्थ आहे. आपल्या ‘पश्चात्तापा’त मागाहून होणारा ताप तेवढा आहे. पापनिवेदनासाठी गुडघे टेकणाऱ्याने हळहळायचे, की दिशा बदलायची? कोशात शेजारी बसणाऱ्या या दोन शब्दांमध्ये माणसाचे उभे आयुष्य असते. एवढ्या एका शब्दासाठीही ग्रीक शिकण्याचे कष्ट आम्हाला सार्थ वाटतात.

संत मार्क हा संत पेत्राचा दुभाष्या होता, अशी पापियासच्या काळापासूनची परंपरा आहे. त्याच्या शुभवर्तमानात ‘तलीथा कूम’, ‘एफ्फथा’ हे अरामी बोल जसेच्या तसे येतात आणि लगेच ग्रीकमध्ये त्यांचा उलगडा होतो. ऐकलेला आवाज हरवू द्यायचा नाही आणि ऐकणाऱ्याला उपाशीही ठेवायचे नाही, ही जातिवंत दुभाष्याची खोड!

रमाबाईंना नेमके हेच साधायचे होते. विद्वानांच्या पंगतीत बसणारी संस्कृतप्रचुर मराठी त्यांना सहज लिहिता आली असती. मुक्तीतल्या साध्यासुध्या बायांना कळावे म्हणून त्यांनी ती दूर ठेवली. तरीही त्यांचे भाषांतर सर्वत्र रुळले नाही, आणि त्याचा दोष केवळ वाचकांच्या सवयीवर ढकलणे आम्हाला पटत नाही. मुळाला शब्दशः धरून राहण्याचा त्यांचा आग्रह इतका की मराठी वाक्य कधी कधी अवघडून उभे राहते. शब्द राखावा की वाक्याचा श्वास राखावा, या पेचात त्यांनी बहुधा शब्दाची बाजू घेतली.

रमाबाई आपल्या ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, म्हणून आपल्याकडे त्यांचा हा ग्रंथ फारसा चाळला जात नाही. वास्तविक दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालच्या ‘देई व्हेर्बुम’ या दस्तऐवजात मूळ भाषांवरून केलेल्या भाषांतरांना आणि त्या कामी इतर ख्रिस्ती बांधवांच्या सहकार्याला वाट मोकळी करून दिली आहे. निदान मार्काचे शुभवर्तमान तरी या भाषांतरात, आपल्या नेहमीच्या प्रतीशेजारी ठेवून, घरी मोठ्याने वाचून पाहावे.