घाव झेलण्याची तालीम

जॉन लुईस म्हटलं की सेल्माचा पूल आठवतो. ७ मार्च १९६५ रोजी अलाबामातला एडमंड पेटस पूल ओलांडून काळ्यांच्या मतदानहक्कासाठीचा मोर्चा पुढे आला आणि पोलिसांच्या दंडुक्याने या पंचवीस वर्षांच्या तरुणाची कवटी तडकली. पुढे तेहतीस वर्षं हाच माणूस जॉर्जियाचा प्रतिनिधी म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये बसला. १७ जुलै २०२० रोजी लुईस गेले, आणि नऊ दिवसांनी त्यांची शवपेटी घोडागाडीतून त्याच पुलावरून नेण्यात आली. ही कहाणी पुष्कळदा सांगून झाली आहे. ‘मार्च’ या त्यांच्या तीन खंडांच्या चित्ररूप आत्मकथनात मला मोलाची वाटतात ती मात्र पुलाच्या खूप आधीची पानं. असा माणूस घडतो कसा, याचं उत्तर तिथे आहे.

लुईस यांनी आपले सहकारी अँड्र्यू आयडिन यांच्यासोबत हे पुस्तक लिहिलं; चित्रं नेट पॉवेल यांची. २०१३, २०१५ आणि २०१६ साली एकेक खंड आला. संसदेतल्या ज्येष्ठ माणसाने कॉमिक का लिहावं, असं वाटणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मॉन्टगोमेरीच्या बस-बहिष्कारावर १९५७ साली एक स्वस्त कॉमिक निघालं होतं. अहिंसक प्रतिकार कसा करायचा हे त्यात चित्रांतून समजावलं होतं, आणि काळ्यांच्या नागरी हक्कांच्या चळवळीतली तरुण मुलं ते वाचत होती. लुईस यांनी तीच वाट पुन्हा धरली.

चित्रं पूर्ण कृष्णधवल आहेत. पॉवेल यांच्या शाईला वजन आहे. रात्रीचा प्रसंग आला की काळा रंग चौकटीत मावत नाही, अक्षरांवरही चढतो. पण या चित्रकाराची खरी ताकद कळते ती साध्या प्रसंगांत. १९५१ साली अकरा वर्षांचा जॉन मामासोबत मोटारीने अलाबामाहून उत्तरेला बफेलोला निघतो. वाटेत काळ्या माणसाला जेवायला वाढणारं हॉटेल मिळणार नाही, म्हणून खाणंपिणं घरूनच बांधून घेतलेलं. पेट्रोल कुठे भरायचं, काळ्यांना कुठलं स्वच्छतागृह वापरू देतील, हेसुद्धा आधीच ठरवलेलं. या पानांवर हाणामारी नाही, कुणी कुणाला शिवी देत नाही. तरी दक्षिणेची हद्द मागे पडेपर्यंत मोठ्या माणसांच्या जिवात जीव नसतो, आणि शेजारी बसलेल्या पोराला ते कळत असतं. वंशभेदाच्या कायद्यांवरचे जाडजूड ग्रंथ जे सांगतात, ते इथे चार-सहा पानांत अंगावर येतं.

कोंबड्यांची पानं या आधीच येतात. शेतावरच्या कोंबड्या सांभाळणं हे लहानग्या जॉनचं काम. तो त्यांना बायबल ऐकवतो, प्रवचन देतो, एखादी मेली तर तिची अंत्यक्रिया करतो. आईवडिलांनी एखादी कापली तर जेवत नाही. हा भाग नुसता गोड बालपण म्हणून वाचला तर वाया जाईल. दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घ्यायची सवय इथे लागते आहे.

आणि मग नॅशव्हिल. पहिल्या खंडाचा गाभा मी इथे मानतो. चर्चच्या तळघरात जेम्स लॉसन विद्यार्थ्यांना अहिंसा शिकवतात. हे लॉसन पन्नाशीच्या दशकात मेथडिस्ट मिशनरी म्हणून नागपूरला हिस्लॉप कॉलेजात होते. गांधीजींचा सत्याग्रह त्यांनी इथे राहून अभ्यासला, आणि मॉन्टगोमेरीच्या बहिष्काराची बातमीही नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. त्यांच्या वर्गात व्याख्यानं होती, पण मुख्य म्हणजे तालीम होती. निम्म्या मुलांनी गोरे गुंड व्हायचं आणि आपल्याच मित्रांना घाणेरड्या शिव्या द्यायच्या, ढकलायचं, तोंडावर सिगारेटचा धूर सोडायचा. उरलेल्यांनी हात उचलायचा नाही, नजरही खाली घालायची नाही. पॉवेल शिव्या देणाऱ्याचा चेहराही तेवढ्याच बारकाईने काढतात. मित्राला अपमानित करताना त्या मुलालाही काहीतरी गिळावं लागतं. मार खाणं त्या मानाने सोपं. मारणाऱ्याबद्दल मनात प्रेम शिल्लक ठेवणं अवघड. लुईस हे वडीलधाऱ्याच्या थाटात सांगत नाहीत, शिकाऊ मुलाच्या तोंडून सांगतात. म्हणून ते पटतं.

२७ फेब्रुवारी १९६० रोजी दुकानांतल्या खाण्याच्या काउंटरवर बसलेल्या या मुलांना मारहाण झाली आणि पोलिसांनी अटक मात्र त्यांनाच केली. लुईस यांची ती पहिली अटक. पानं उलटताना कळतं, की हा प्रसंग आपण तळघरात आधीच पाहिला आहे. रचनेतलं हे कौशल्य मला फार मोठं वाटतं: शौर्य आधी सरावात दिसतं, मग रस्त्यावर.

ओबामांच्या २००९ सालच्या शपथविधीची चौकट तिन्ही खंडांना आहे. पहिल्या खंडात ती थोडी शाळकरी वाटते. लुईस यांच्या कार्यालयात मुलं येतात, प्रश्न विचारतात, आजोबा सांगू लागतात. दुसऱ्या खंडात मात्र हीच चौकट काळीज चिरते. शपथविधीला अरीथा फ्रँकलिन गातात आणि त्या गाण्याखाली १९६१ सालच्या मॉन्टगोमेरीतले, बसस्थानकावर मार खाणारे फ्रीडम रायडर्स, म्हणजे बसप्रवासातला वंशभेद मोडायला निघालेले कार्यकर्ते, दिसतात. याच खंडात २८ ऑगस्ट १९६३ची वॉशिंग्टनची सभा आहे. तेवीस वर्षांचे लुईस सर्वांत तरुण वक्ते. भाषण जहाल म्हणून काही नेते अडून बसतात, लिंकनच्या पुतळ्यामागे कागदावर खाडाखोड होते. फिलिप रँडॉल्फ या वृद्ध नेत्याच्या शब्दाखातर लुईस मजकूर सौम्य करतात. तडजोडीची ही कथा त्यांनी लपवली नाही, तिचा गौरवही केला नाही.

तिसऱ्या खंडातला पूल भीषण आहेच. पण त्याच खंडात, त्याच्या बरंच आधी, सेल्माच्या कोर्टाबाहेरची मतदार नोंदणीची रांग पाहावी. ऑक्टोबर १९६३. लोक दिवसभर उन्हात उभे, रांगेतल्यांना कुणी पाणी द्यायला गेलं तर पोलीस आडवे. मारामारीच्या पानांपेक्षा ही पानं मी जास्त वेळा वाचली आहेत. त्या रांगेतूनच १९६५चा मतदान हक्क कायदा आला.

जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याचं एक महत्त्वाचं कलम रद्द केलं. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत ‘मार्च’चा पहिला खंड दुकानांत आला. त्या कलमाने मिळणारं संरक्षण परत आणणारं विधेयक आज लुईस यांच्याच नावाने ओळखलं जातं. २०२१ साली ते प्रतिनिधी सभागृहात संमत झालं आणि सिनेटमध्ये अडलं.