हुक्का की सिगारेट? : एका तुलनेची चिकित्सा

प्रस्तावना

पेडणे तालुक्यातील केरी हे तेरेखोल नदीच्या मुखावरील गाव. पलीकडचे तेरेखोल गोव्याचेच. मात्र त्याच्या पाठीशी सिंधुदुर्ग जिल्हा सुरू होतो. गोव्याचा धूम्रपान व थुंकण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९९७ चा आहे. केंद्राच्या २०१७ च्या नियमाने धूम्रपान-कक्षात कोणतीही सेवा देण्यास मनाई केली, तर महाराष्ट्राने २०१८ मध्ये हुक्का पार्लरवर बंदी घातली. कायदे असे असले तरी पर्यटनाच्या या पट्ट्यातील तरुणांच्या मनात दोन विधाने घर करून असतात. ‘पाण्यामुळे धूर शुद्ध होतो’ हे पहिले आणि ‘एक हुक्का म्हणजे शंभर सिगारेटी’ हे दुसरे. पहिले सवयीचे समर्थन करते, दुसरे प्रबोधनाच्या व्याख्यानांत वापरले जाते. दोन्ही तपासून पाहणे आवश्यक आहे.

पाण्याचा समज

असद बेगने १६०४ च्या सुमारास विजापूरहून अकबराच्या दरबारात तंबाखू नेली. धूर पाण्यातून नेऊन निर्धोक करण्याची युक्ती हकीम अबुल फतह गिलानी यांच्या नावावर सांगितली जाते. परंतु त्यांचे निधन १५८९ मध्येच झाले होते. आख्यायिकेचा काळ जुळत नाही, आणि तिच्यातील रसायनशास्त्रही टिकत नाही. पाण्याने धूर थंड होतो, काही विद्राव्य घटक अंशतः अडतात. कार्बन मोनॉक्साइड मात्र जवळजवळ तसाच छातीत जातो. शिवाय हुक्क्यात तंबाखूवर जळता कोळसा ठेवलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडचा मोठा वाटा या कोळशाचाच. म्हणूनच तंबाखूविरहित ‘हर्बल’ हुक्काही निर्धोक ठरत नाही.

शंभराचे गणित

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या टिपणात तासाभराच्या बैठकीत एका सिगारेटच्या १०० ते २०० पट धूर घेतला जातो, असे म्हटले होते. हे माप धुराच्या आकारमानाचे आहे, विषाचे नव्हे. २०१६ मधील एका एकत्रित विश्लेषणात एका सिगारेटच्या तुलनेत एका बैठकीतील धूर सुमारे १२५ पट, टार २५ पट, कार्बन मोनॉक्साइड १० पट, तर निकोटीन केवळ अडीच पट आढळले. सर्वच विषांना शंभराने गुणणे त्यामुळे चुकीचे ठरते.

जेकब व सहकाऱ्यांचा २०१३ चा अभ्यास येथे अधिक उपयुक्त आहे. त्यात त्याच १३ व्यक्तींची दोन्ही प्रकारे तपासणी झाली: एका टप्प्यात दिवसाला सरासरी ३ हुक्के, दुसऱ्यात ११ सिगारेटी. हुक्क्यात कार्बन मोनॉक्साइड, बेन्झीन आणि जड रेणूंचे पॉलिसायक्लिक हायड्रोकार्बन अधिक. सिगारेटमध्ये निकोटीन, तंबाखूजन्य नायट्रोसमाइन, ॲक्रोलीन व ब्यूटाडाइन अधिक. म्हणजे विषाची ही दोन वेगवेगळी मिश्रणे आहेत. बेन्झीन रक्ताच्या कर्करोगाशी निगडित आहे, हे ध्यानात घेता हुक्क्याला सौम्य म्हणता येत नाही.

या अभ्यासाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. संख्या अल्प आहे, तपासणी रुग्णालयाच्या संशोधन-कक्षात झाली, आणि मोजला गेला तो रसायनांशी आलेला संपर्क, प्रत्यक्ष आजार नव्हे. महिन्यातून एकदा हुक्का ओढणाऱ्यास हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

निष्कर्ष

तंबाखू मकरूह की हराम, ही चर्चा फिकहमध्ये शतकानुशतके चालत आली आहे, आणि तिच्यात अपाय हा एक प्रमुख आधार राहिला आहे. तेव्हा अपाय नेमका सांगणे ही शिक्षकाची जबाबदारी ठरते. फुगवलेला आकडा विद्यार्थी एक दिवस तपासतो, आणि मग खऱ्या आकड्यावरचाही त्याचा विश्वास उडतो. ‘कोणते कमी वाईट?’ या प्रश्नाऐवजी ‘कशातून कोणते विष?’ हा प्रश्न वर्गात मांडला जाणे अधिक हितावह आहे.