संस्थेचे आयुष्य आणि संचालकाची कारकीर्द : शिकागो विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेच्या नेतृत्वाची चिकित्सा

प्रस्तावना

विद्यापीठाच्या आश्रयाने चालणारी संशोधनसंस्था आणि तिच्याशी संलग्न असलेले पुरावस्तुसंग्रहालय यांचे नेतृत्व करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. संचालकाच्या कारकिर्दीचा आढावा घेताना किती परिषदा भरल्या, किती निधी आला, किती दालने उघडली याची यादी दिली जाते. परंतु प्राचीन संस्कृतींचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे काम पाच वर्षांच्या मुदतीत मावणारे नसते. तिथे एका पिढीने लावलेल्या कामाचे फळ तिसऱ्या पिढीला मिळते, आणि एका संचालकाने दिलेल्या शब्दाची किंमत कधी कधी त्याच्या आठव्या वारसाला मोजावी लागते. अशा ठिकाणी यादीवरून केलेले मूल्यमापन अपुरे तर ठरतेच, शिवाय ते दिशाभूलही करते.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रस्तुत लेखात शिकागो विद्यापीठाच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटचे उदाहरण घेतले आहे. 1919 मध्ये स्थापन झालेली ही संस्था 2023 पासून ‘पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील प्राचीन संस्कृतींची अभ्यास संस्था’ अशा अर्थाच्या नव्या इंग्रजी नावाने ओळखली जाते. मेसोपोटेमिया, इजिप्त, इराण, अनातोलिया आणि लेव्हांट हा तिचा अभ्यासप्रदेश. संस्थेचा संपूर्ण इतिहास सांगणे हा येथे हेतू नाही. दोन कसोट्या लावून तिच्या नेतृत्वाची चिकित्सा करावयाची आहे. संचालकाने दीर्घकालीन ज्ञानकार्य कसे सांभाळले, ही पहिली कसोटी. आणि ज्या भूमीतून वस्तू आल्या त्या भूमीशी त्याने कोणते नाते ठेवले, ही दुसरी.

संस्थापकाची दृष्टी आणि तिच्या मर्यादा

संस्थेचे संस्थापक जेम्स हेन्री ब्रेस्टेड (1865–1935) यांनी 1894 मध्ये बर्लिन येथे इजिप्तविद्येत डॉक्टरेट मिळविली. ही पदवी मिळविणारे ते पहिले अमेरिकन होत. 1919 मध्ये जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांनी त्यांना पाच वर्षांसाठी दरसाल 10,000 डॉलर देण्याचे मान्य केले आणि संस्थेचा आरंभ झाला. इतिहासाची प्रयोगशाळा उभी करणे ही ब्रेस्टेड यांची मूळ कल्पना होती. एकट्या विद्वानाने पुस्तकांच्या आधारे संस्कृतीचा इतिहास लिहिण्याचे दिवस संपले असून उत्खननकार, भाषातज्ज्ञ, अभिलेखतज्ज्ञ, चित्रकार आणि छायाचित्रकार यांनी एकत्र येऊन काम केले पाहिजे, असे त्यांचे मत होते. ही कल्पना कागदावर राहिली नाही. 1921 मध्ये अक्कादी भाषेच्या कोशाचे काम सुरू झाले, 1924 मध्ये लक्झोर येथे अभिलेख सर्वेक्षणाचे केंद्र निघाले, 1925 मध्ये मेगिद्दोचे उत्खनन हाती घेण्यात आले, 1931 मध्ये पर्सेपोलिसचे काम सुरू झाले आणि त्याच वर्षी शिकागोतील आजची इमारत खुली झाली.

ब्रेस्टेड यांच्या नेतृत्वाचा हा उजळ भाग आहे. दुसरा भाग तितक्याच स्पष्टपणे मांडणे समीक्षकाचे कर्तव्य ठरते. संस्कृतीचा उगम ‘सुपीक चंद्रकोरी’च्या प्रदेशात झाला आणि ती तेथून ग्रीस-रोममार्गे युरोप व अमेरिकेकडे गेली, असे त्यांचे प्रतिपादन होते. या मांडणीत पश्चिम आशियाला मान मिळतो खरा, पण तो मान पूर्वजाचा आहे. तेथील आजच्या माणसाला त्यात जागा नाही. भारत आणि चीन तर या कथेच्या बाहेरच राहतात.

या दृष्टीचा व्यावहारिक परिणाम 1926 मध्ये दिसून आला. कैरोमध्ये नवे संग्रहालय व संशोधनकेंद्र उभारण्यासाठी ब्रेस्टेड यांच्या पुढाकाराने रॉकफेलर यांनी 1 कोटी डॉलर देऊ केले होते. मात्र या केंद्राचे नियंत्रण दीर्घकाळ मुख्यतः परकीय विद्वानांच्या मंडळाकडे राहावे, अशी अट होती. इजिप्तच्या शासनाने ती मान्य केली नाही आणि देणगी मागे घेण्यात आली. पुष्कळदा या प्रसंगाकडे हुकलेली संधी म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखकाच्या मते तो नेतृत्वाचा दोष होता. 1922 मध्ये नुकतेच स्वातंत्र्य जाहीर झालेल्या देशाला त्याच्याच वारशाचे विश्वस्तपद नाकारून ज्ञानदानाची भाषा करता येत नाही, हे ब्रेस्टेड यांच्यासारख्या द्रष्ट्या माणसालाही उमगले नाही.

आकुंचनाचे व्यवस्थापन

विस्तार करणारा संचालक इतिहासात राहतो. आकुंचन सांभाळणारा बहुधा विसरला जातो. ब्रेस्टेड यांचे 1935 मध्ये निधन झाले, त्याच सुमारास आर्थिक मंदीमुळे देणग्यांचा ओघ आटला आणि 1936 मध्ये जॉन ए. विल्सन यांच्याकडे सूत्रे आली. अनेक मोहिमा बंद करणे आणि माणसे कमी करणे हे त्यांच्या वाट्याला आलेले पहिले काम होते. अशा वेळी काय ठेवावे आणि काय सोडावे या निर्णयातच संचालकाची विद्वत्ता प्रकट होते. संग्रहालयात भर घालणारी उत्खनने आटोपती घेण्यात आली, पण लक्झोरचे अभिलेख सर्वेक्षण आणि अक्कादी कोश ही दोन कामे कायमची सोडून देण्यात आली नाहीत.

या दोन कामांचे स्वरूप ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे महत्त्व कळते. लक्झोरच्या पद्धतीत मंदिराच्या भिंतीचे प्रथम छायाचित्र घेतले जाते, त्याच्या मोठ्या प्रतीवर चित्रकार भिंतीसमोर उभा राहून रेषा काढतो, नंतर छायाचित्र रसायनाने पुसून केवळ रेखाटन उरते आणि ते एकामागून एक दोन अभिलेखतज्ज्ञ प्रत्यक्ष भिंतीशी ताडून पाहतात. एकाच्या नजरेवर विसंबायचे नाही, हे तत्त्व येथे नियमात उतरले आहे. भिंत झिजत जाते, रेखाटन उरते. अक्कादी कोशाचे कामही असेच. 1921 मध्ये सुरू झालेल्या या कोशाचा पहिला खंड 1956 मध्ये निघाला आणि 21 खंडांचे हे कार्य 2011 मध्ये, म्हणजे 90 वर्षांनी पूर्ण झाले. ए. लिओ ओपेनहाइम, एरिका रायनर आणि मार्था रॉथ या संपादकांनी हे ओझे एकमेकांच्या खांद्यावर दिले. या काळात संस्थेत दहाएक संचालक होऊन गेले. यांपैकी कोणा एकाच्या अहवालात ‘कोश पूर्ण केला’ असे लिहिण्याची सोय बहुतेकांना नव्हती. तरीही प्रत्येकाने त्याची तरतूद केली.

मराठी वाचकाला ही गोष्ट अपरिचित वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य 1919 मध्येच हाती घेतले आणि ते 1966 मध्ये सिद्धीस नेले. डेक्कन कॉलेजात डॉ. सु. मं. कत्रे यांच्या प्रेरणेने 1948 मध्ये सुरू झालेला ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत कोश अद्याप चालू आहे. सुमारे 1,500 ग्रंथांतून शब्द टिपणाऱ्या या कार्याला ‘अजून पहिल्याच अक्षरात अडकले आहे’ असे हिणवणे सोपे आहे. पण हा कोश रखडण्याची कारणे विद्वानांच्या आळसात शोधण्यापूर्वी एक प्रश्न विचारला पाहिजे : निवृत्त होणाऱ्या संपादकाच्या जागी त्याच्या हाताखाली शिकलेला माणूस वेळेवर नेमला जातो काय? शिकागोचे यश केवळ डॉलरांचे नाही. कोशाच्या संपादकपदाची परंपरा तुटू न देणे, हे तेथील नेतृत्वाने पत्करलेले व्रत होते.

पर्सेपोलिसच्या पट्टिका : विश्वस्तपणाची परीक्षा

दुसरी कसोटी अधिक कठीण आहे. 1933 मध्ये पर्सेपोलिसच्या तटबंदीत संस्थेच्या उत्खननकारांना हजारो मृत्तिकापट्टिका आणि त्यांचे तुकडे सापडले. पहिल्या दरायसच्या काळातील, इसवी सनापूर्वी 509 ते 493 या वर्षांतील या पट्टिका मुख्यतः एलामाइट भाषेत आहेत. त्यांत राजाच्या विजयगाथा नाहीत. कामकऱ्यांना दिलेले धान्य, प्रवाशांचा शिधा, देवतांसाठी काढलेला मद्याचा वाटा अशा नोंदी आहेत. ‘हिंदुश’ प्रांताहून सूसाकडे जाणाऱ्या प्रवाशांच्या शिध्याची नोंदही त्यांत सापडते. सामान्य माणसाच्या इतिहासाचे हे दुर्मीळ भांडार 1936 मध्ये इराणने अभ्यासासाठी शिकागोला उसने दिले. रिचर्ड हॅलॉक यांनी दीर्घ परिश्रमाने त्यांतील दोन हजारांवर पट्टिकांचे वाचन 1969 मध्ये प्रसिद्ध केले. काही भाग 1948 व 1951 मध्ये परत गेला. बराचसा मात्र शिकागोतच राहिला.

1997 मध्ये जेरुसलेम येथे झालेल्या बॉम्बस्फोटात जखमी झालेल्या अमेरिकन नागरिकांनी इराणविरुद्ध दावा लावला आणि 2003 मध्ये न्यायालयाने त्यांना सुमारे 7 कोटी 15 लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. ती वसूल करण्यासाठी अमेरिकेत असलेली इराणची मालमत्ता म्हणून या पट्टिकांवर जप्ती आणावी, अशी मागणी पुढे आली. पीडितांचे दुःख खरे होते, हे विसरून या प्रकरणाची चर्चा करणे अन्यायाचे होईल. परंतु पट्टिका बाजारात विकल्या गेल्या असत्या तर एक संपूर्ण दप्तर विखुरले असते, आणि दप्तराचा अर्थ त्याच्या एकत्र असण्यातच असतो. आरंभी इराण न्यायालयात हजरही झाला नव्हता. तेव्हा परक्या राष्ट्राच्या सार्वभौम संरक्षणाचा मुद्दा विद्यापीठाने मांडला. 2002 ते 2017 या काळात संचालक असलेल्या गिल स्टाइन यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग या खटल्याच्या छायेत गेला. अमेरिका आणि इराण यांचे संबंध बिघडलेले असताना इराणच्या वारशाच्या बाजूने उभे राहणे लोकप्रिय नव्हते. फेब्रुवारी 2018 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जप्तीच्या विरोधात एकमताने निर्णय दिला आणि 2019 मध्ये 1,783 पट्टिका इराणला परत गेल्या.

या प्रकरणात संस्थेचे नेतृत्व कसोटीस उतरले, असे म्हणावे लागेल. खटला चालू असतानाच पट्टिकांचे छायाचित्रण व वाचन वेगाने करण्यात आले, ही गोष्ट विशेष नोंदवावी अशी आहे. तथापि या कौतुकाला एक आक्षेप जोडणे आवश्यक आहे. 1936 मध्ये उसने घेतलेले दप्तर सत्तर वर्षे ठेवून घेतले नसते, तर ते जप्तीच्या कक्षेत आलेच नसते. संशोधन संथ असते हे मान्य. पण ‘अजून अभ्यास व्हावयाचा आहे’ हे कारण अनिश्चित काळ पुरत नाही. स्टाइन यांनी लढविलेला लढा त्यांच्या पूर्वसूरींच्या दिरंगाईचे व्याज होते.

हीच कसोटी इराकच्या बाबतीतही लावता येते. खोर्साबाद येथे 1929 मध्ये संस्थेला सापडलेला, सुमारे 40 टन वजनाचा पंखधारी मानवमुखी वृषभ आज शिकागोच्या दालनात उभा आहे. तो त्या काळच्या वाटणीच्या पद्धतीने आला. एप्रिल 2003 मध्ये बगदादचे संग्रहालय लुटले गेले, तेव्हा संस्थेच्या अभ्यासकांनी हरवलेल्या वस्तूंची माहिती एकत्र करून जगापुढे ठेवली, आणि 2008 मध्ये या विध्वंसावर प्रदर्शन भरविले. 2012 पासून काबूलच्या राष्ट्रीय संग्रहालयातील वस्तूंची सूची करण्याच्या कामातही संस्था सहभागी झाली. येथे वस्तू आणण्याऐवजी नोंद करून देण्याचे नेतृत्व दिसते. ब्रेस्टेड यांच्या 1926 च्या प्रस्तावापासून हे अंतर मोठे आहे.

नामांतराचा प्रश्न

2023 मधील नामांतराकडेही या संदर्भात पाहावे लागते. एडवर्ड सैद यांच्या 1978 मधील ग्रंथानंतर ‘ओरिएंटल’ हा शब्द इंग्रजीत निष्पाप उरलेला नाही, हे खरे. मराठीतील ‘प्राच्यविद्या’ या शब्दाची गोष्ट मात्र वेगळी आहे. तो आपण स्वतःच्या वारशासाठी अभिमानाने वापरला. शिवाय शिकागोला जी ‘पूर्व’, ती पुण्याला पश्चिम आहे. नव्या नावातील ‘पश्चिम आशिया’ ही संज्ञा भारतीय व्यवहारात पूर्वीपासून रूढ आहे, त्यामुळे आपल्याला ती अधिक नैसर्गिक वाटते. याच संस्थेच्या उत्खननकारांना 1930 नंतरच्या वर्षांत इराकमधील तेल अस्मर येथे हत्ती व गेंडा कोरलेली सिंधुशैलीची मुद्रा सापडली होती. सिंधुसंस्कृतीचा काळ ठरविण्यास तिचे साहाय्य झाले. भूगोलाची नावे बदलली तरी असा पुरावा संस्कृतींच्या परस्परसंबंधांची साक्ष देतच राहतो. नामांतर योग्यच आहे. परंतु दप्तर वेळेवर परत जाते की नाही, यावरूनच त्याची सत्यता ठरेल.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, अशा संस्थेत संचालकाचे मूल्यमापन त्याने काय सुरू केले यापेक्षा त्याने काय तुटू दिले नाही यावरून व्हावे. दुसरा, आकुंचनाच्या काळात वस्तूंपेक्षा नोंदींना अग्रक्रम देणारे नेतृत्व दूरदर्शी ठरते. तिसरा, उसन्या घेतलेल्या वस्तूचा विश्वस्तपणा मुदतीसह असला पाहिजे. मुदत नसलेला विश्वस्तपणा हळूहळू मालकीचे रूप घेतो.

आपल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांतही नाणी, ताम्रपट, शिल्पखंड आणि हस्तलिखिते यांचे लहान संग्रह आढळतात. कोणी विश्वासाने आणून दिलेली ती ठेव असते. तिची नोंदवही आहे काय, ती कोणी कोणाकडून घेतली हे लिहिलेले आहे काय, आणि विभागप्रमुख निवृत्त होताना कपाटाच्या किल्लीबरोबर ही वहीही पुढच्याच्या हाती जाते काय, हे प्रश्न शिकागोच्या प्रश्नांहून आकाराने लहान आहेत, जातीने वेगळे नाहीत. त्यांची उत्तरे द्यायला रॉकफेलरची देणगी लागत नाही.